सोऱ्या नाही, साचा नाही; तरी नैवेद्य अडू नये

श्रावण सरत आला, की घरोघरीच्या माळ्यांवरून वर्षभर फडक्यांत बांधून ठेवलेली गाठोडी खाली उतरू लागतात. त्यांतून मोदकपात्र निघते, मोदकाचा साचा निघतो, करंजीचे कातणे निघते, पितळी सोऱ्या आणि त्याच्या चकत्या निघतात. चिंच लावून त्या घासल्या जातात, उन्हात वाळविल्या जातात, आणि मग गणेशचतुर्थीपासून थेट दिवाळीपर्यंत त्यांना उसंत म्हणून मिळत नाही. एरवी महिनोन्‌महिने ज्यांची आठवणही होत नाही, त्या चार वस्तूंवाचून सणाचा स्वयंपाक होणारच नाही, अशी साऱ्या घराची समजूत होऊन बसते.

परंतु असे गाठोडे प्रत्येक घरी असतेच असे नाही. संसार नवा असतो. बदलीच्या गावी निम्मे सामान अजून पेट्यांतच पडलेले असते. घराची वाटणी होते तेव्हा सासूबाईंचा सोऱ्या थोरल्या जाऊबाईंकडे राहतो आणि धाकटीच्या वाट्याला नुसती त्याची आठवण येते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलामुलींच्या सामानात पुस्तके असतात, गरम कपडे असतात. कातणे कोणी घातलेले नसते. चतुर्थी उजाडते, वसुबारस येते, आणि मग साचा नाही म्हणून मोदक नाहीत, सोऱ्या नाही म्हणून चकली नाही, असे म्हणत देवापुढे दुकानातून आणलेल्या पेढ्यांचा पुडा ठेवला जातो.

दुकानातील पेढ्याला आमचा आक्षेप नाही. देवाला तोही गोडच लागेल. आम्हांस खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ज्या घरात एक वर्ष करंजी होत नाही, त्या घरात दुसऱ्या वर्षी ती न करणे सोपे होते, आणि तिसऱ्या वर्षी तिची आठवण काढावी लागते. सारण खोलगट चमच्याने भरावे की हाताने, मोहन किती कडकडीत असावे, हे पुस्तकात सापडते. पण आजीच्या मांडीशी बसून पारीची कड मिटताना जे हाताला कळते, ते एकदा सुटले की पुन्हा सहजासहजी गवसत नाही. एका लहानशा साधनाच्या अभावी हे सारे सुटू द्यावे काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

मुक्ताबाईंचे मांडे

महाराष्ट्रातील भाविकांना साधनाची ही अडचण अपरिचित नाही. आळंदीच्या विसोबा चाटीने कुंभारांना ताकीद दिली, की संन्याशाच्या त्या मुलांना खापर देऊ नका. खापरावाचून मांडे भाजावेत कसे? मुक्ताबाई खिन्न होऊन रिकाम्या हातांनी परतल्या. तेव्हा ज्ञानेश्वरमाउलींनी योगबळाने जठराग्नी चेतविला, आणि त्यांच्या तापलेल्या पाठीवर मुक्ताबाईंनी मांडे भाजले. ते पाहून विसोबांचा अहंकार गळाला; हेच पुढे नामदेवांचे गुरू विसोबा खेचर म्हणून ओळखले गेले. ही कथा कीर्तनांतून आणि पोथ्यांतून घरोघरी पोहोचली आहे. तिचा आध्यात्मिक अर्थ अधिकारी पुरुषांनी सांगावा. आम्ही तिच्याकडे स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरून पाहतो, आणि आम्हांस असे दिसते, की खापर मिळाले नाही म्हणून त्या घरी मांडे राहिले नाहीत.

या मांड्यांचीच रीत पाहावी. खानदेशात आजही मोठे गोल खापर चुलीवर पालथे घालून त्यावर पुरणाचे मांडे भाजतात. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर घेऊन, या हातावरून त्या हातावर टाकीत, कोपरापर्यंत खेळवीत मोठा करतात. लाटण्याचे काम येथे कणकेचे स्वतःचे वजनच करते. ज्या सुगरणीला हे साधले, तिच्याजवळ लाटणे आहे की नाही हे विचारण्याचे कारणच उरत नाही. नुसते मनात मांडे खाणाराच साधनांची यादी करीत बसतो.

शास्त्रातील 'प्रतिनिधी'

नसलेल्या वस्तूच्या जागी दुसरी वस्तू घेणे हे आपल्या धर्मशास्त्राला कमीपणाचे वाटलेले नाही. जैमिनींच्या पूर्वमीमांसेत सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात या विषयाचा सविस्तर विचार आहे, आणि अशा पर्यायी वस्तूला तेथे 'प्रतिनिधी' असे नाव आहे. यज्ञात सोमवल्ली मिळाली नाही तर पूतीका घ्यावी. व्रीही, म्हणजे साळीचे तांदूळ, नसतील तर नीवार, म्हणजे आपोआप उगवणारा रानतांदूळ, घ्यावा. आपल्या नित्याच्या पूजेतही आपण हेच करतो. मूर्ती नसली तर सुपारीवर गणपतीचे आवाहन होते; अलंकार नसले तर त्यांच्याऐवजी अक्षता वाहिल्या जातात.

या विचारातील चार गोष्टी आम्हांस स्वयंपाकघरात फार उपयोगाच्या वाटतात. प्रतिनिधी मूळ वस्तूशी जुळता असावा, ही पहिली. निषिद्ध वस्तू प्रतिनिधी म्हणून घेऊ नये, ही दुसरी. काही गोष्टींना प्रतिनिधी नसतोच, ही तिसरी. देवता, अग्नी आणि मंत्र यांची गणना शास्त्राने त्यांत केली आहे, आणि स्वतः यजमानालाही प्रतिनिधी नाही असे सांगितले आहे. मुख्य वस्तू हाती येताच मुख्य वस्तूच घ्यावी, ही चौथी.

जुळता म्हणजे दिसावयास सारखा, असा अर्थ येथे घेऊन चालणार नाही. साधनाचे रूप बाजूस ठेवावे आणि ते कोणते काम करते एवढेच विचारावे. कातणे काय करते? ते कापते आणि मिटते. साचा काय करतो? तो आकार देतो. मोदकपात्र वाफ कोंडते, सोऱ्या दाब देतो. काम नेमके कळले, की ते करणारी वस्तू बहुधा हाताच्या अंतरावर मांडणीवरच असते. आता एकेक साधन घेऊ.

पेला, पालथे ताट आणि वाटी

पोळपाट म्हणजे सपाट, न हलणारी जागा. मोठे ताट किंवा परात पालथी घालून तिच्याखाली ओले फडके ठेवले, की ती सरकत नाही. स्वच्छ धुतलेला दगडी ओटा तर त्याहून बरा. तो मुळातच थंड असतो, आणि चिरोट्यांच्या पोळ्यांना ही थंडी मानवते. चिरोट्याला जे पदर सुटतात, ते दोन पोळ्यांमध्ये लावलेल्या तूप आणि तांदळाच्या पिठीच्या साट्यामुळे. लाटताना साटा वितळला की तो पिठात जिरतो आणि पदर एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून लाटण्याऐवजी वस्तू निवडताना सरळ उभ्या बाजूंची, गुळगुळीत पोलादी बाटली घ्यावी आणि तिच्यात थंड पाणी भरून बूच घट्ट लावावे. पाण्याच्या वजनाने हाताला जोर कमी लागतो आणि थंडीने साटा आवळलेला राहतो. मात्र मध्ये फुगीर वा निमुळती असलेली बाटली घेऊ नये. तिने पोळी एकीकडे जाड व एकीकडे पातळ होते.

चिरोट्यांची वळकटी कापताना सुरी बोथट असेल तर पदर दबतात. अशा वेळी नव्या रिळाचा रंग न दिलेला सुती धागा धुऊन घ्यावा, तो वळकटीखालून सरकवावा, दोन्ही टोके वर आणून एकमेकांवरून ओलांडावीत आणि ओढावीत. धागा चहूबाजूंनी सारखाच आवळतो, म्हणून काप गोल राहतो आणि पदरही मोकळे राहतात.

मापांची गोष्टही येथेच सांगितली पाहिजे. वजनकाटा नाही म्हणून पुष्कळ जणी बिचकतात. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा' या पुस्तकात कमलाबाई ओगले यांनी मापे घरच्या वाटी-चमच्यांतच दिली, आणि त्या पुस्तकाने कित्येक नव्या संसारांना हात दिला. नियम एकच पाळावा. जी वाटी पिठाला लावली, तीच साखरेला, तीच तुपाला आणि तीच पाण्याला लावावी. वाटी लहान की मोठी याला मग महत्त्व उरत नाही, कारण पाककृतीत प्रमाण सांभाळावयाचे असते, आणि ते एकाच वाटीने सांभाळले जाते.

करंजीची कड

करंजीच्या कातण्याकडे दोन कामे आहेत हे आपण पाहिले. त्यांतील कापण्याचे काम पातळ काठाची वाटी करते. पारीवर सारण ठेवून ती दुमडावी, कड बोटांनी दाबावी, आणि वाटीच्या काठाने अर्धचंद्र उमटवून जादा कणीक काढून टाकावी. मिटण्याचे काम मात्र वाटीकडून होत नाही. कातण्याच्या दातांनी दोन पाऱ्या एकमेकींत ठिकठिकाणी रोवल्या जातात. हा रोवण्याचा भाग महत्त्वाचा आहे. जेवणाच्या काट्याचे दात कडेवरून अर्ध्या बोटाच्या अंतराने दाबीत गेले तर हेच होते. दाबण्यापूर्वी कडेच्या आतील बाजूस दुधाचे बोट फिरवावे, आणि कडेवर सारणाचा कणही राहू देऊ नये. करंजी तळताना आतील हवा आणि वाफ फुगतात. जेथे सारणाचा कण अडकलेला असेल तेथेच कड सुटते. मग खोबरे आणि साखर तुपात उतरून जळतात, आणि पुढच्या साऱ्या करंज्यांना त्याचे काळे डाग लागतात.

परंतु काटा हाताशी असला, तरी आम्ही आग्रह धरू तो मुरडीचा. कडेचे एक टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरावे, किंचित ताणावे, आत दुमडून दाबावे. त्या दुमडीचा अर्धा भाग पुन्हा धरून पुढची दुमड घालावी. असे करीत गेले की दोरखंडाच्या पिळासारखी कड तयार होते, आणि ती कोणत्याही कातण्याने घातलेल्या कडेहून पक्की असते. कातणे हे खरे पाहता या मुरडीचाच प्रतिनिधी आहे. गौरींना निरोप देताना मुरडीचा कानवला करतात. देवी मुरडून पुन्हा घरी यावी, असा त्यामागे भाव असतो. हा अर्थ बोटांच्या दुमडीत आहे. चाकाच्या दातांत तो कोठून येणार?

शंकरपाळ्यांची गोष्ट त्या मानाने सोपी. तेथे कातण्याची नक्षी केवळ शोभेची. मिटण्यासारखे काही नसते. धारदार सुरी, उलथन्याची कड किंवा पिझ्झा कापावयाचे चाक, यांपैकी काहीही चालते. ध्यानात ठेवावयाचे ते इतकेच, की सुरी ओढू नये, वरून सरळ दाबावी. चाक फिरत जाते म्हणून ते पोळीला ओढीत नाही. सुरी ओढली तर पोळीही तिच्याबरोबर सरकते आणि चौकटी वेड्यावाकड्या होतात. आधी सर्व उभ्या रेघा पाडाव्यात, मग सर्व तिरप्या.

मोदक आणि त्याची वाफ

उकडीच्या मोदकाचा साचा म्हणजे दोन दारांची एक लहानशी पोकळी. तशी पोकळी खोलगट लहान वाटीत असतेच. वाटीला आतून तुपाचा हात लावावा, उकडीचा गोळा तळाशी व बाजूंना सारखा दाबीत वर न्यावा, मध्ये सारण भरावे, वरून उकडीची चकती बसवून कड मिटावी आणि वाटी पालथी करून हलकेच ठोकावी. घुमटासारखा मोदक बाहेर येतो. त्यावर चमच्याच्या दांड्याने खालून वर रेघा ओढल्या आणि शेंडा चिमटीत धरून वर ओढला, की त्याला मोदकाचे रूप येते. उकड फार गरम असताना हे करू नये. ती वाटीला चिकटते. फार गार होऊ दिली तर भेगा पडतात. हाताला सोसेल इतकी ऊब असावी आणि मळताना पाण्याचा व तेलाचा हात लावीत जावे.

साचा हा कळ्या पाडणाऱ्या बोटांचा प्रतिनिधी आहे, हे येथेही विसरू नये. पारीच्या कडेला जवळजवळ चिमट्या घेत जाणे आणि मग मूठ हळूहळू आवळून साऱ्या कळ्या शेंड्याशी एकत्र आणणे, ही कला एकवीस मोदकांत जमली नाही तरी एकविसाव्या मोदकात ती पहिल्याहून बरी उतरते, असा आमचा अनुभव आहे.

मोदकपात्राचे काम वाफ देण्याचे. खोल पातेल्यात तीन-चार बोटे पाणी घ्यावे, आत तिवई किंवा पालथी वाटी ठेवून तिच्यावर पोलादी चाळणी बसवावी. उकळते पाणी चाळणीला लागू नये. चाळणीत हळदीची पाने घालावीत. ती नसतील तर केळीचे पान, तेही नसेल तर ओले करून पिळलेले पांढरे सुती फडके. एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मोदकपात्राच्या उंच, उतरत्या झाकणाला लागलेले पाणी कडेने खाली ओघळते. पातेल्यावरील सपाट झाकणाचे पाणी थेंबाथेंबाने मोदकांवर पडते आणि ते चिकट होतात. त्यासाठी झाकणाला कोरडे फडके बांधावे आणि त्याची टोके वर गाठ मारून ठेवावीत, म्हणजे ती विस्तवाकडे जाणार नाहीत. दहा-बारा मिनिटांत मोदक होतात. इडलीपात्र घरी असेल तर यांतील काहीच करावे लागत नाही.

चकलीचा प्रश्न

सोऱ्यापाशी आम्हांस थोडे थांबावे लागते. भाजणीचे घट्ट पीठ काटेरी भोकातून बाहेर काढावयाचे तर चांगलाच दाब हवा. दट्ट्या, नळी आणि चकती मिळून जो दाब देतात, तो घरातील दुसरी कोणतीही वस्तू देऊ शकत नाही. दुधाची पिशवी कोपऱ्यात कापून तिच्यातून पीठ दाबण्याचा उपाय सांगितला जातो. घट्ट पिठाने पिशवी फाटते. ती टिकावी म्हणून पीठ सैल केले तर चकली तेल पिते. हा प्रतिनिधी जुळता नव्हे.

मग करावे काय? आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडविला आहे. सोऱ्या नसेल तर कडबोळी करावीत. भाजणीचेच पीठ, तेच तीळ, तोच ओवा. पिठाची करंगळीहून बारीक वळी तळहाताखाली वळावी, तिचे कडे करून टोके जुळवावीत, आणि मंद आचेवर तळावे. चकलीचे काटे तिला खुसखुशीत करतात, कारण त्यांमुळे तेलाची आच अधिक पृष्ठभागाला मिळते. कडबोळ्याला काटे नाहीत, म्हणून वळी बारीक हवी आणि आच मंद हवी. जाड वळी बाहेरून लाल होते आणि आत कच्ची राहते. तमिळनाडूत तर हाताने पीळ देऊन केलेल्या मुरुक्कूला 'कै मुरुक्कु' म्हणतात. 'कै' म्हणजे हात, आणि तेथे हा हाताचा प्रकार यंत्राच्या प्रकाराहून मानाचा समजतात. जे साधन नाही, त्याचे सोंग आणण्यापेक्षा ज्या पदार्थाला ते लागतच नाही असा पदार्थ निवडणे, हेही सुगरणीचेच लक्षण होय.

अनारशांचे याच्या उलट आहे. त्यांना मुळातच साधन लागत नाही. खसखशीवर बोटांनी थापणे एवढेच काम. केळीचे पान नसेल तर तूप लावलेली पालथी ताटली पुरते. तळून झालेले अनारसे चाळणीत उभे करून ठेवले, की जास्तीचे तूप निथळते.

भट्टीवाचून नानकटाई

दिवाळीच्या आधी नानकटाईचे पीठ डब्यात घालून बेकरीत भाजावयास नेण्याची रीत मुंबई-पुण्याच्या जुन्या पिढीला चांगली आठवत असेल. घरी भट्टी नाही म्हणून गल्लीतील भट्टी वापरणे, हाही प्रतिनिधीच होता. कोकणात पावसाळी काकडीचे धोंडस करताना पातेल्याच्या खाली विस्तव आणि वर झाकणीत निखारे ठेवीत. दोन्हीकडून सारखी, कोरडी आच देणे हेच भट्टीचे काम.

आज निखारे नाहीत, तरी जाड बुडाची लोखंडी कढई आहे. तिच्यात बोटभर जाडीचा मिठाचा थर द्यावा, वर तिवई ठेवावी, घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावी. मग तूप लावलेल्या ताटलीत नानकटाया अंतराअंतरावर मांडून ती ताटली तिवईवर ठेवावी. ताटली कढईच्या बाजूंना चिकटू नये. गरम हवा तिच्याभोवती फिरली पाहिजे. आच मंद करून वीस-पंचवीस मिनिटांनी पाहावे. वरून रंग फारसा येत नाही, कारण येथे वर निखारे नसतात. खालची बाजू बदामी झाली की नानकटाई झाली असे समजावे. गरम असताना ती मऊच लागते आणि निवाल्यावर खुसखुशीत होते. ते मीठ पुन्हा याच कामाला ठेवावे, खाण्यात घेऊ नये. अशा कोरड्या आचेला नवा प्रेशर कुकर लावू नये, तो खराब होतो.

जे प्रतिनिधी होऊ शकत नाही

निषिद्ध वस्तू प्रतिनिधी म्हणून घेऊ नये, हा दंडक आता आठवावा. काचेची बाटली लाटणे म्हणून घेऊ नये. तिला बारीक तडा असला तर तो दिसत नाही. प्लॅस्टिकची पिशवी, गाळणे वा चमचा तापलेल्या तेलाजवळ नेऊ नये. साधी किसणी कढईवर धरून तिच्यावर शेवेचे पीठ घासण्याचा मोह होतो; हात वाफेवर राहतो आणि किसणी निसटली तर कढईतील तेल अंगावर येते, म्हणून लांब दांड्याचा, भक्कम झारा नसेल तर शेव त्या वर्षी राहू द्यावी. तळलेले पदार्थ वर्तमानपत्रावर काढू नयेत. छपाईची शाई अन्नात उतरते, असा इशारा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली दिला आहे. आमच्या या पानालाही त्यातून सूट नाही. चाळणी किंवा धुतलेले पांढरे सुती फडके त्यासाठी पुरे.

नैवेद्याच्या दृष्टीने आणखी एक विवेक हवा. ज्या घरात वा वसतिगृहात स्वयंपाकघर अनेकांचे असते, तेथील काटा, वाटी वा चाक कशाकशाला लागलेले असते हे सांगता येत नाही. अशा ठिकाणी एक वाटी, एक काटा, एक पेला आणि एक सुती फडके एवढे नवे घेऊन वेगळ्या डब्यात ठेवावे, आणि ते सणावाचून वापरू नये. साऱ्या सोवळ्याचे मर्म एवढ्या चार वस्तूंत सांभाळता येते. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावरच समाधान व्यक्त केले आहे. पण तेही भक्तीने आणि शुद्ध मनाने अर्पण केलेले असावे, ही अट त्याला आहे.

अग्नीला प्रतिनिधी नाही, हे शास्त्रवचन तर कढईपाशी शब्दशः खरे ठरते. मंद आचेचे काम घाईच्या आचेने होत नाही. वेळेलाही प्रतिनिधी नाही. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजावयाचे ते भिजलेच पाहिजेत. आणि यजमानाला प्रतिनिधी नाही. सोऱ्या, साचा, कातणे सारे घरात असून ते हाती घेणारे कोणी नसेल, तर त्या गाठोड्याचा उपयोग काय? 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण साधनाला दोष देणाऱ्यासाठीच आहे. उलट ज्या घरात हात तयार आहेत, तेथे पालथे ताट आणि वाटीचा काठ यांवर सण उभा राहतो.

अर्थात मुख्य वस्तू हाती येताच मुख्य वस्तूच घ्यावी, हेही विसरू नये. पितळी सोऱ्या एकदा घेतला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ऐपत होईल तेव्हा तो अवश्य घ्यावा, आणि लेकीच्या नव्या संसाराला भांडी देताना महागड्या संचाबरोबर एक कातणे नि एक सोऱ्या द्यावा. तोपर्यंत अडून राहू नये, एवढेच आमचे सांगणे.

यंदा करंज्या करावयास बसाल तेव्हा घरातील मुलगा असो वा मुलगी, एकाला तरी जवळ बसवून घ्यावे. काट्याने, वाटीने, कातण्याने, जशा जमतील तशा करंज्या होऊ द्याव्यात. फक्त पहिली करंजी, जी देवासाठी बाजूस काढावयाची, तेवढी तरी हाताने मुरडावी, आणि तिची शेवटची दुमड त्या मुलाच्या बोटांनी घालू द्यावी.